भुईमुगाचा जादूगार की मातीचा शिक्षक? – ‘एक होता कार्व्हर’चे पुनर्वाचन

मराठी चरित्रवाङ्मयात काही ग्रंथ असे आहेत की, ज्यांचे नाव ठाऊक नाही असे वाचणारे घर सापडणे कठीण. श्रीमती वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे त्यांपैकी एक. राजहंस प्रकाशनाने ते १९८१ साली प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत आल्या आहेत. शाळेच्या बक्षीस समारंभात, वाढदिवसाला, दृढीकरणाच्या प्रसंगी मुलांच्या हाती नि:शंकपणे ठेवावे असे हे पुस्तक. अशा ग्रंथाविषयी आता नवे काय लिहायचे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, फार वाचल्या गेलेल्या पुस्तकाच्या वाट्याला एक दुर्दैव येते. त्यात काय आहे हे सर्वांना ठाऊकच आहे, अशी समजूत रूढ होते आणि मग ते पुस्तक नीट वाचलेच जात नाही.

हे पुनर्वाचन आम्ही वर्धा जिल्ह्यातील जाम येथून करीत आहोत, ही गोष्ट येथे सांगणे अप्रस्तुत नाही. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग आणि चंद्रपूरकडे जाणारा रस्ता जेथे वेगळे होतात, ते हे गाव. सभोवती काळी जमीन, तीत कापूस, तूर आणि सोयाबीन. जवळच हिंगणघाट, एके काळी येथील कापसाला ‘हिंगणघाट’ याच नावाने परदेशच्या बाजारात भाव मिळे. कार्व्हर यांचे चरित्र ही मुळात कापसाच्या मुलखाची कथा आहे. म्हणून ती कापसाच्याच मुलखात बसून वाचली, तर तिचे वेगळे अर्थ ध्यानी येतात.

प्रथम चरित्रनायकाची ओळख थोडक्यात करून घेऊ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेतील मिसुरी राज्यात सुमारे १८६४ साली एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. नक्की तारीख नोंदलेली नाही. गुलामाच्या मुलाची जन्मनोंद कोण ठेवणार? मेरी हे आईचे नाव. यादवीच्या धामधुमीत लुटारूंनी माय-लेकरांना पळवून नेले. मालक मोझेस कार्व्हर यांनी एक घोडा देऊन मूल परत मिळवले; आई मात्र कधीच परतली नाही. मोझेस व सुझन कार्व्हर यांनी त्या अशक्त मुलाला वाढवले. कपडे धुऊन, स्वयंपाक करून तो मुलगा गावोगाव शिकत राहिला. कॅन्सस राज्यातील एका महाविद्यालयाने त्याचा प्रवेश आधी मान्य केला आणि त्वचेचा रंग दिसताच नाकारला. १८९० मध्ये आयोवा राज्यातील सिम्प्सन महाविद्यालयात तो चित्रकला शिकू लागला. तेथील शिक्षिका एटा बड यांनी त्याला एम्स येथील कृषी महाविद्यालयाची वाट दाखवली. तेथे १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवून कार्व्हर यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून अलाबामातील टस्कीगी संस्था गाठली. ५ जानेवारी १९४३ रोजी मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले.

गवाणकरबाईंच्या लेखनाचे श्रेय मोठे आहे आणि ते आधी मांडले पाहिजे. ‘एक होता राजा’ या आजीच्या गोष्टीच्या चालीवर त्यांनी ग्रंथाचे नाव ठेवले आणि राजाच्या जागी एक गुलामाचा मुलगा बसवला. त्या तीन शब्दांत एक मूल्यविचार आहे. भाषा सोपी, वाक्ये आटोपशीर, प्रसंग डोळ्यांसमोर उभे राहणारे. परक्या देशातील, परक्या वंशाचा माणूस मराठी मुलाला आपल्या आळीतला वाटावा, अशी जवळीक त्यांनी साधली. वसईत राहणाऱ्या या लेखिकेने पुढे डॉ. आयडा स्कडर यांचे चरित्र लिहिले. ‘भगीरथाचे वारस’मध्ये विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत मराठी वाचकांपुढे आणली. सेवेचे व्रत घेतलेली माणसे हा त्यांच्या लेखणीचा ध्यास आहे, आणि ख्रिस्ती वाचकाला तो सहज भावतो.

या ग्रंथाचे मराठीत इतके स्वागत व्हावे, यामागे एक जुनी परंपराही आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण करून. दहा वर्षांनी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. एकात माणसाची गुलामी, दुसऱ्यात शेतकऱ्याची दैना. १९७२ मध्ये मुंबईच्या दलित तरुणांनी आपल्या संघटनेला ‘दलित पँथर’ हे नाव दिले, तेही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीकडे पाहूनच. फुल्यांनी ज्या दोन दु:खांवर दोन ग्रंथ लिहिले, ती दोन्ही कार्व्हर यांच्या एका आयुष्यात एकत्र आलेली दिसतात. मराठी मन त्यांच्या कथेकडे ओढले गेले, ते केवळ कुतूहलाने नव्हे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. हे पुस्तक वाचून मिटल्यावर सामान्य वाचकाच्या मनात कोणता कार्व्हर उरतो? आमच्या अनुभवाप्रमाणे, भुईमुगापासून तीनशे पदार्थ बनवणारा जादूगार आणि प्रतिकूल परिस्थितीवर मात करून कीर्ती मिळवणारा यशस्वी पुरुष. शाळांतील निबंध आणि वक्तृत्वस्पर्धांतील भाषणे याच दोन गोष्टींभोवती फिरतात. आम्हांस वाटते की, या दोन्ही प्रतिमांनी खऱ्या कार्व्हर यांना झाकून टाकले आहे.

तीनशे पदार्थांची गोष्ट घेऊ. हा आकडा कार्व्हर यांच्या हयातीतच वर्तमानपत्रांनी जगभर नेला. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅकहॅम होल्ट यांच्या इंग्रजी चरित्राने तीच उजळ प्रतिमा पक्की केली. पुढे लिंडा मॅकमरी यांनी १९८१ साली, म्हणजे मराठी पुस्तक निघाले त्याच वर्षी, कागदपत्रे तपासून अधिक साक्षेपी चरित्र लिहिले. मार्क हर्सी यांनी २०११ मध्ये कार्व्हर यांच्याकडे मातीचे व निसर्गाचे रक्षण करणारे शास्त्रज्ञ म्हणून पाहिले. या संशोधनातून दिसते ते असे : कार्व्हर यांच्या नावावर केवळ तीन पेटंटे होती, तीही १९२५ ते १९२७ या काळातली, सौंदर्यप्रसाधन व रंग यांविषयीची. त्यांच्या भुईमूग-पदार्थांपैकी फारच थोडे बाजारात टिकले. शेंगदाण्याचे लोणी, जे पुष्कळदा त्यांच्या नावावर खपवले जाते, ते त्यांनी शोधलेले नव्हे. टस्कीगीत त्यांचे सहकाऱ्यांशी खटके उडत, कोंबड्यांच्या खुराड्याच्या व्यवस्थेवरून बुकर वॉशिंग्टन यांच्याशी वाद होत, आणि राजीनाम्याची भाषा त्यांनी अनेकदा केली.

यामुळे कार्व्हर लहान होतात काय? आमचे मत अगदी उलट आहे. संतांच्या चरित्रांतूनही चमत्कारांची पुटे खरवडली, तर आत मनुष्याची धडपड सापडते आणि तीच आपल्याला बळ देते. चमत्काराचे अनुकरण करता येत नाही. धडपडीचे करता येते.

मग ही धडपड कोणती होती? १८९६ मध्ये कार्व्हर अलाबामात उतरले, तेव्हा तेथील जमीन पिढ्यान् पिढ्या कापसाखाली पिळवटून निघाली होती. गुलामी कायद्याने संपली होती. पण बहुतेक कृष्णवर्णी कुटुंबे दुसऱ्याची जमीन बटईने करीत. बियाणे, खत, पीठ, कापड हे सारे दुकानदाराकडून उधारीवर आणि उधारीला तारण म्हणजे उभे पीक. दुकानदाराला पैसा हवा, म्हणून त्याची अट एकच : कापूसच लावा. त्यामुळे दाराच्या उंबरठ्यापर्यंत कापूस आणि घरात भाजीची जुडी नाही, अशी अवस्था. कापूस पिकेल तितकी जमीन खंगावी आणि जमीन खंगेल तितके कर्ज वाढावे, या चक्रात माणूस मोकळा असूनही बांधलेलाच होता.

कार्व्हर यांचे खरे शास्त्र या चक्रावर बेतलेले आहे. राज्याने टस्कीगीच्या प्रयोगक्षेत्राला वर्षाला पंधराशे डॉलरांची तुटपुंजी रक्कम मंजूर केली होती. विकतची खते बटईदाराला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी दलदलीतील काळा गाळ, रानातला पालापाचोळा आणि शेण यांचे खत करून दाखवले. चवळी, जिला आमच्या भागात बरबटी म्हणतात, आणि भुईमूग ही शेंगवर्गीय पिके त्यांनी पुढे आणली, कारण या पिकांच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन जमिनीत बांधून ठेवतात. रताळ्यांचाही त्यांनी आग्रह धरला. या विषयांवर त्यांनी एकूण चव्वेचाळीस पत्रिका काढल्या. १८९८ मधील पहिली पत्रिका डुकरांना ओकची फळे चारण्याविषयी आहे. रानात फुकट पडलेल्या वस्तूपासून तिची सुरुवात होते. १९०६ मध्ये ‘जेसप वॅगन’ ही घोड्याची गाडी अवजारे, बियाणे व नमुने घेऊन खेड्यांकडे निघाली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्या अंगणात शाळा नेण्याची ती योजना होती.

आणि भुईमूग? १९१६ मधील त्यांची गाजलेली पत्रिका भुईमूग कसा पिकवावा हे सांगते आणि तो खाण्याच्या एकशेपाच कृती देते. येथे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. त्या कृती स्वयंपाकघरातल्या आहेत : सूप, पाव, केक, भाजी. म्हणजे कार्व्हर यांच्या दृष्टीने नवे पीक आधी चुलीकडे जायचे होते, मग बाजाराकडे. कापूस खाता येत नाही. भुईमूग खाता येतो. दुकानदाराकडची उधारी जितकी कमी, तितका बटईदार स्वतंत्र, हा त्यांचा हिशेब होता. प्रयोगशाळेतील रंग आणि प्रसाधने हा या कामाचा पुढचा आणि खरे तर दुय्यम भाग. वर्तमानपत्रांना तो चटकदार वाटला, म्हणून मोठा झाला.

याचा अर्थ नव्या पिकाने सारे आपोआप सुधारले असा कोणी घेऊ नये. बोंडे पोखरणारा सोंडेचा भुंगा दक्षिणेत पसरला आणि कापूस बुडाला, तेव्हा लोक भुईमुगाकडे वळले. अलाबामातील एंटरप्राइज गावाने तर १९१९ मध्ये त्या भुंग्याचेच स्मारक उभारले. पण पीक बदलले म्हणून जमिनीची मालकी बदलली नाही. हा प्रश्न कार्व्हर यांच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि त्याविषयी ते फारसे बोललेही नाहीत.

त्यांचे हे मौन ग्रंथाच्या वाचकाने विचारात घेतले पाहिजे. १९२१ मध्ये आयात-कराच्या प्रश्नावर अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली. दहा मिनिटे दिलेली होती. सदस्य इतके रंगले की वेळेची मर्यादाच उठवण्यात आली. हा प्रसंग आपण टाळ्यांसाठी सांगतो. पण त्याच बैठकीत एका सदस्याने त्यांना कलिंगडाचा टोमणा मारला होता, आणि तेथे कृष्णवर्णीयांची टवाळी करण्याचा तो ठरलेला प्रकार होता. कार्व्हर यांनी शांतपणे पुढे बोलणे चालू ठेवले. आपण या शांतीला क्षमा म्हणून मोकळे होतो. क्षमा हे ख्रिस्ती सद्गुण आहे, यात शंका नाही. तथापि दुखावलेल्याची क्षमा ऐकून दुखावणाऱ्याने निर्धास्त व्हावे, असा सुवार्तेचा अर्थ नाही.

या बाबतीत आपण ख्रिस्ती वाचकांनी अधिक प्रामाणिक असायला हवे. कार्व्हर यांच्या आईला विकत घेणारा समाज ख्रिस्ती होता. केवळ प्रोटेस्टंटच नव्हे; १८३८ मध्ये मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्याकडील २७२ गुलाम माणसे विकली होती. पुढच्याच वर्षी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला आणि १८८८ मध्ये तेरावे लिओ यांनी गुलामगिरीविरुद्ध परिपत्र काढले, हेही खरे. पण कार्व्हर यांची भक्ती वाचून आपल्याला अभिमान वाटत असेल, तर त्यांच्या आईची कथा वाचून आपली मान खालीही जायला हवी. आपल्या धर्मग्रामांतही जातीच्या जुन्या भिंती काही ठिकाणी उभ्या असताना हा विषय दूर देशाचा म्हणून सोडून देता येत नाही.

कार्व्हर यांच्या श्रद्धेविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. ते पंथाने कॅथलिक नव्हते. टस्कीगीत ते वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांचा पवित्र शास्त्राचा वर्ग घेत. पहाटे रानात फिरावे, झाडापानांशी एकांत साधावा आणि निर्मात्याला प्रश्न विचारावेत, हा त्यांचा क्रम. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये त्यांनी आपल्या संशोधनाचे श्रेय दैवी प्रेरणेला दिले, तेव्हा एका मोठ्या वृत्तपत्राने शास्त्रज्ञाला हे शोभत नाही अशी टीका केली. त्यावर त्यांनी उत्तर लिहून आपण अभ्यासाला कमी लेखत नसल्याचे आणि आपले शिक्षण कसे झाले ते स्पष्ट केले. श्रद्धा आणि बुद्धी यांचे हे नाते आपल्या परंपरेला परके नाही. वाटाण्यांच्या झाडांवर आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल हा ऑगस्टिनियन मठवासी होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पृथ्वीचे दु:ख आणि गरिबांचे दु:ख एकत्र जोडून दाखवले. अलाबामाच्या थकलेल्या शेतात कार्व्हर यांना तेच दिसले होते. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले. भंगारातल्या बाटल्या आणि डबे वेचून प्रयोगशाळा उभी करणाऱ्या या माणसाला त्या आज्ञेचा अर्थ कळला होता, असे आम्हांस वाटते.

आता जामकडे परत येऊ. ज्या यादवी युद्धाने कार्व्हर यांना गुलामीतून सोडवले, त्याच युद्धाने आमच्या मुलखाचे नशीब बदलले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा अस्तित्वात आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. तिकडे गुलामांच्या घामावर उभा असलेला बाजार इकडे सरकला, आणि युद्ध संपताच भाव पडले. तेव्हापासून आमचा शेतकरी दूरच्या बाजाराला बांधला गेला तो कायमचा.

पुढील कहाणी वाचकांना ठाऊक आहे. २००२ नंतर बीटी कापूस आला, २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात हाहाकार केला, आणि कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्यांच्या बातम्या गेली तीन दशके येत आहेत. अशा घरांत ‘एक होता कार्व्हर’ वाचले जाते, तेव्हा तीनशे पदार्थांची जादू त्या बापाच्या काय कामाची? त्याला चव्वेचाळीस पत्रिकांचा कार्व्हर हवा आहे.

सोयाबीनचेच पाहा. तेही शेंगवर्गीय पीक. गांधीजी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत होते, तेव्हा त्यांनी सोयाबीनच्या आहाराचे प्रयोग केले व ‘हरिजन’मध्ये त्याविषयी लिहिले. कार्व्हर यांच्याशीही त्यांचा संबंध आला होता : सी. एफ. अँड्र्यूज टस्कीगीला जाऊन आले आणि कार्व्हर यांनी गांधीजींसाठी आहारविषयक सूचना पाठवल्या. आज सोयाबीनने आमची शेते भरली आहेत. मात्र ते तेलाच्या कारखान्याला जाते, त्याची पेंड कोंबड्यांना जाते. आमच्या ताटात ते क्वचितच येते. कापसाशेजारी दुसरे नगदी पीक उभे राहिले, इतकेच. तुरीच्या ओळी, ज्वारी, बांधावरची बरबटी यांची जुनी सोबत मात्र विरळ होत गेली. पीक बदलले, चूल तशीच बाजारावर अवलंबून राहिली. कार्व्हर यांचा विचार अर्धाच घेतला तर काय होते, याचे हे उदाहरण.

आमच्याच जिल्ह्यात त्या विचाराचा एक भाऊबंद होऊन गेला, आणि तो ख्रिस्ती होता, याचे स्मरण आपल्या समाजाने ठेवलेले नाही. डॉ. जे. सी. कुमारप्पा अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आले आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांनी मगनवाडीतून पाहिला. तेलघाणी, मधमाशा, खत, हातसडीचा तांदूळ हे त्यांचे विषय. येशूच्या आचरणावर व उपदेशावर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि शाश्वत अर्थव्यवस्थेवरही. ‘एक होता कार्व्हर’च्या तोडीचे, मुलांच्या हाती देण्याजोगे कुमारप्पांचे चरित्र आपल्या लेखकांपैकी कोणी मनावर घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

शेवटी यशस्वी पुरुषाच्या प्रतिमेविषयी. आपण मुलांना सांगतो : कार्व्हरसारखा शिक, मोठा हो. मुलाला त्यातून कळते ते असे की, शिकावे आणि शेत सोडून शहरात जावे. प्रत्यक्षात कार्व्हर यांनी काय केले? एम्सच्या महाविद्यालयात शिकवणारे ते पहिले कृष्णवर्णी अध्यापक. तेथे त्यांना हरितगृह होते, मान होता, पुढची वाट मोकळी होती. ते सारे सोडून ते शिकलेले शास्त्र घेऊन थकलेल्या मातीकडे आणि कर्जात बुडालेल्या माणसांकडे गेले, आणि सत्तेचाळीस वर्षे तेथून हलले नाहीत. आयुष्याची शिल्लक त्यांनी १९४० मध्ये संशोधन प्रतिष्ठानासाठी देऊन टाकली. त्यांच्या चरित्राची दिशा शेताकडे जाणारी आहे, शेतापासून दूर नेणारी नव्हे.

तेव्हा, वाचकहो, हे पुस्तक मुलांना अवश्य द्या. लेखिकेने ते प्रेमाने लिहिले आहे आणि ते वाचून मन निर्मळ होते. मात्र मुलाने वाचून संपवल्यावर त्याला भुईमुगाचे पदार्थ किती, हे विचारू नका. अलाबामाच्या शेतकऱ्यावर कर्ज का झाले आणि आपल्या शेतात यंदा काय पिकले, त्यातले घरी खायला किती राहिले, हे विचारा. एवढे दोन प्रश्न आपल्या घरांत बोलले गेले, तर कार्व्हर मराठीत आले त्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.